एकोणीस डिग्री

बादलीला पुन्हा कुणीतरी शाल गुंडाळली होती.

दीनानाथ माडीवरच्या बॉक्स-रूमच्या, म्हणजे अडगळीच्या खोलीच्या, दारातच थबकले. सकाळचे दहा वाजले होते. खिडकीबाहेर इंग्लंडातल्या रीडिंग गावाचं फेब्रुवारीतलं मळकट ऊन पडलं होतं. त्यांनी शाल जरा वर करून बादलीवर चिकटवलेली तापमापकाची पट्टी पाहिली. सव्वीस. आत आंबणाऱ्या बिअरला हवं होतं एकोणीस. शाल सुप्रभाची होती, आणि सुप्रभा नोव्हेंबरात गेली होती.

तीस वर्षं हॉस्पिटलच्या रक्तपेढीत दीनानाथांनी फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिलं होतं. आयुष्यात शौक एकच, घरी बिअर करायचा, आणि तोही या गृहस्थाने रक्तपेढीच्याच शिस्तीने केला. बादली पाण्याच्या टबात, टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या. "यीस्ट स्वतःच तापतं, त्याला आवरावं लागतं," हे त्यांनी बायकोला शंभरदा सांगितलं असेल. पण विलायतेच्या थंडीत इडलीचं पीठ शालीत गुंडाळून फुगवणारी ती बाई. यांची नजर चुकवून ती बिअरच्या बादलीलाही शाल गुंडाळायची. "आत जीव आहे ना त्यात? मग थंडी वाजत नसेल होय?" म्हणायची. मग बिअरला नेलपॉलिशसारखा वास यायचा.

ऑक्टोबरात अशीच एक खेप वाया गेली, तेव्हा ते चार पाहुण्यांसमोर तिच्यावर खेकसले. "तुला कळत नाही ना, मग हात लावू नकोस!" तिने पुन्हा हात लावला नाही. तीन आठवड्यांनी ती झोपेतच गेली. त्या वाक्याची दीनानाथांना अजून लाज वाटत होती.

त्यानंतर शाल गुंडाळलेली सापडण्याची ही तिसरी वेळ.

"बाबा, तुम्हीच गुंडाळता आणि मग विसरून जाता," मीनल म्हणाली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, इंग्लंडातच वाढलेली; दर शनिवारी मेडनहेडहून यायची, तशी आजही आली होती. "मी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेते. आणि हा हाऊस विकून टाकू या. माझ्याकडे तुमचा रूम रेडी आहे."

"मी नाही गुंडाळली."

"मग कोण? इथे तुम्ही एकटेच तर राहता."

डोकं चालेनासं झालंय म्हणावं तरी घर जाणार, आणि बायको येऊन जाते म्हणावं तरी जाणारच. त्यांना सुप्रभाची भीती वाटत नव्हती. आपण आपल्याच नकळत उठून काय काय करत असू, याची मात्र वाटायची.

"असं करू," ते म्हणाले. "शाल तू घेऊन चल. मीही तुझ्याबरोबर येतो. कुलूप तू लाव, किल्ल्या तुझ्याकडेच ठेव. उद्या दुपारी येऊन बघू. बादलीला काही गुंडाळलेलं नसलं, तर घर विकायला तू म्हणशील तिथे सही करतो."

मीनलने हीटिंग बंद केलं. शेजारणीकडची जादा किल्ली मागून आणली. "तो शाल मी कारमध्येच लॉक करते," म्हणाली आणि तसं केलंही.

रविवारी दुपारी दार तिनेच उघडलं. घर इतकं गारठलं होतं की तोंडातून वाफ निघत होती. जिना चढून तिने बॉक्स-रूमचं दार लोटलं.

आत ऊब होती. नुकतंच कुणी अंथरुणातून उठून गेल्यावर असते तशी. आणि बादलीला एक पिवळं दुपटं गुंडाळलेलं होतं. मीनलच्या जन्माच्या वेळी सुप्रभाने जुन्या साडीचं शिवलेलं. त्याचं टोक तान्ह्या बाळाला गुंडाळताना खोचतात तसं नीट आत खोचलेलं होतं.

"हे तर लॉफ्टमध्ये होतं, ट्रंकेत," मीनलचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "बाबा, लॉफ्टचा लॅडर मीच देऊन टाकला, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. वर कोणी जाऊच शकत नाही." तिने त्यांची बाही घट्ट धरली. "चला इथून. प्लीज. आत्ताच्या आत्ता."

दीनानाथांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. डोकं शाबूत होतं आपलं. आणि इतकं टाकून बोलल्यावरही ती रुसली नव्हती. बिअर तर वायाच गेली होती. दुपटं सोडायला त्यांनी सवयीने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"तू जा, मीनल. मी राहतो इथे."

"एकटे?"

त्यांनी दुपट्याचं खोचलेलं टोक हलकेच चाचपलं.

मीनलने किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि पुन्हा वर आली. दाराच्या चौकटीला धरून तिने आत पाहिलं.

"आई, येते हं," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत थोडा वेळ तिथेच उभी राहिली.