फोकटचा भात

खुर्सीपारच्या टिनाच्या शाळेत दुपारची खिचडी सुरू झाली ती नव्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या आधीच्या हिवाळ्यात. शाळेतली बहुतेक पोरं ठेक्याच्या मजुरांची. आईबाप सकाळीच बांधकामावर जात आणि पोरं उपाशीपोटी शाळेत येत, किंवा येतच नसत. ही खिचडी गिरजाबाईंच्या खटपटीनं सुरू झाली. त्या तिथल्या मास्तरीण. माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा लहानू कारखान्यात लोखंडी गर्डर चढवण्याच्या कामावर होता. नागपूरला दीक्षा घेतल्यावर थोड्याच दिवसांत दोघं इकडे आली होती.

सुपेल्याचे तांदळाचे व्यापारी भैय्याजी पोतं द्यायला तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली. जेवणाऱ्या प्रत्येक पोरामागे घरच्या मोठ्या माणसाची सही किंवा अंगठा पाहिजे. नाहीतर, त्यांचं म्हणणं, अर्धं सुपेला येऊन जेवून जाईल. गिरजाबाईंना अट गैर वाटली नाही. शाळा सुटल्यावर कागद आणि शाईची डबी घेऊन त्या घरोघर फिरल्या. सगळ्यांनी अंगठे दिले. एका गयाबाईनं दिला नाही.

गयाबाई इथलीच, कारखान्यात गाव गेलेल्यांपैकी. रेल्वेलाइनजवळ झोपडी बांधून नातीसोबत राहायची. नात मथुरा दुसरीत होती. गिरजाबाई दारात गेल्या तेव्हा म्हातारी उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. कागदाकडे पाहून एवढंच म्हणाली, "फोकट के भात हमर घर नइ चलय, बहनजी." आणि तिनं दार लोटून घेतलं.

गिरजाबाईंनी घरी येऊन शाईची डबी फळीवर ठेवली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पाणीबी नाई विचारलं. माह्या हातचं तिच्या नातीनं कसं खावं!"

"तुले मालूम होतं ना? मंग गेली कावून?"

"लेकरासाठी गेली."

"आता नोको जाऊ," लहानू म्हणाला आणि त्यानं पाय धुवायला घेतले.

त्या गेल्या नाहीत. दुपारी खिचडी रांधणारी राधाबाई चुलीवरून गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवायची, पोरं ओळीनं बसायची आणि मथुरा आपली पाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. गिरजाबाई तिच्याकडे पाहायचं टाळत. असला अपमान त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. तो कसा गिळायचा आणि कुठं गिळायचा नाही, हे त्यांना पाठ होतं.

एक दिवस पहिलीतली दोन पोरं ताटली पुढ्यात ठेवून रडायला लागली. राधाबाईनं विचारलं तर सांगेनात. शेवटी एक म्हणालं, मथुरा सांगते की खाऊ नका, खाल्लं की घर घेऊन जातात.

गिरजाबाईंनी मथुराला बाहेर नेलं. आवाज चढलाच होता. "ये क्या सिखा रही है बच्चों को? किसने बोला घर ले जाएँगे?"

"दादी ने."

"कौन ले जाएगा?"

"जो खिलाता है, वो." पोरगी न घाबरता बोलत होती. "दादा ने पूड़ी खाई थी. फिर अंगूठा लगाया. फिर खेत चला गया."

गिरजाबाईंनी आवाज उतरवून तिला आत पाठवलं.

त्या संध्याकाळी त्या पुन्हा झोपडीवर गेल्या, या वेळी कागद न घेता. गयाबाई बोलायला तयार नव्हती. पण पूडीचं नाव काढल्यावर ती खाली बसली आणि सांगू लागली. कारखान्याची नुसती कुणकुण होती तेव्हा एक दलाल गावात आला. सगळ्यांशी गोड बोलला, पिंपळाखाली पंगत घातली. पूडी, आलूची भाजी, बुंदी. जेवण झाल्यावर कागद काढला, वाचूनही दाखवला. गयाबाईचा नवरा फकिरा पोटभर जेवला होता. खाल्ल्या अन्नाची लाज म्हणून त्यानं अंगठा दिला. त्या कागदानं जमीन दलालाची झाली होती; पुढं कारखान्याची भरपाई आली ती त्याच्याच नावानं. फकिरा त्यानंतर फार जगला नाही.

"मी पण कागद वाचून दाखवते," गिरजाबाई हिंदीत म्हणाल्या.

"ओहू पढ़े रिहिस," म्हातारी म्हणाली. त्यानंही वाचला होता.

जातीचा प्रश्न तिथं नव्हताच असंही नाही. पाणी तिनं याही वेळी विचारलं नाही. पण जो अपमान गिरजाबाई इतके दिवस उरात घेऊन हिंडत होत्या, तो निदान पुरता त्यांच्यासाठी नव्हता. त्यांना हलकं वाटलं, आणि थोडं ओशाळल्यासारखंही.

भैय्याजी अट सोडेनात. "एका म्हातारीसाठी कायदा बदलू?" ते हसले. तेव्हा गिरजाबाईंनी मथुराच्या नावापुढं स्वतःची सही केली आणि जाऊन गयाबाईला सांगितलं.

म्हातारीनं काळजीनं विचारलं, "अउ काली ओमन आहीं, त तोर का ले जाहीं?" उद्या ते आले तर तुझं काय नेतील?

"माझं काय नेतील, आजी? आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर जमीन नव्हती. आत्ताचं टिनाचं घर आहे, तेही ठेकेदाराचं."

गयाबाई हसली. बोळक्या तोंडानं, मोठ्यानं. गिरजाबाईंनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत आली आणि दाराशी बसली. मथुरा खिचडी घेऊन बसली, पण आजीकडे पाहत राहिली. आजीनं मान हलवल्यावरच तिनं पहिला घास घेतला. जेवणं झाली, ताटल्या घासून झाल्या, गिरजाबाईंनी पाढे सुरू केले. कोणी काही मागितलं नाही. गयाबाई तेरापर्यंतचे पाढे संपेतो बसली आणि उठून गेली. तशी ती पुष्कळ दिवस येत राहिली. राधाबाई तिच्यापुढं ताटली धरायची, ती दर वेळी हात जोडून नको म्हणायची.

पुढं टाउनशिपची पक्की शाळा झाली आणि टिनाची पाडली. रेल्वेलाइनजवळच्या झोपड्याही उठल्या. गयाबाई उतईला भावाकडे गेली. मथुराला तिथल्या शाळेत तिसरीत घातल्याचं गिरजाबाईंना बाजारात कोणीतरी सांगितलं. त्या शाळेत खिचडी मिळते का, हे त्यांनी विचारलं. सांगणाऱ्याला ते माहीत नव्हतं.