शिंक न आलेलं तिखट

दिंद्रुडच्या बाजारगल्लीत मिरचीचा कस जीभ ठरवत नाही, नाक ठरवतं. पंचशीलाबाईंचं मिरची कांडप सुरू झालं की आधी समोरचा शिंपी शिंकतो, मग औषधवाला, आणि वारा बरा असेल तर थेट जीपस्टँडपर्यंत. गेल्या साली छबुबाईंच्या चार किलो मिरचीनं जीपचा ड्रायव्हर सहा वेळा शिंकला होता. हा आकडा छबुबाई अजून लग्नाकार्यात सांगतात. दर लग्नाला एखादी शिंक वाढते, तो भाग वेगळा.

अशा गावात स्वप्नालीनं पंचशीलाबाईंकडं न शिंकवणारं मशीन आणून बसवलं.

ही केजच्या आश्रुबांची लेक. आश्रुबांनी तीस वर्षं कांडपाच्या मशिनी बनवल्या. उघडं उखळ, धाडधाड आपटणारी मुसळं. बाकी गिऱ्हाइकाचं नशीब. लेक इंजिनिअर होऊन आली आणि तिनं बायकांच्या तक्रारी वहीत उतरवल्या. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, कानठळ्या बसतात. मग एकेका तक्रारीवर इलाज केला. वर स्टीलचं झाकण, खाली रबरी बूड, आत उडालेलं तिखट ओढून घेणारा पंखा.

आश्रुबांनी अट घातली. "अक्षय्य तृतीयेपर्यंत पंचशीलाबाईकडं टिकलं तर वर्कशॉप तुझं. न्हाई तर मी टेम्पो घेऊन येतो, अन् तू गुमान पुण्याची नोकरी धर."

पहिला मान छबुबाईंचा. त्या नेहमीसारखा तोंडाला पदर गुंडाळून बाकावर बसल्या. मशीन गुरगुरलं, थांबलं.

"झालं, मावशी," स्वप्नाली म्हणाली.

"काय झालं?"

"तिखट."

छबुबाईंनी पदर सोडला, हवा हुंगली. गल्लीकडं पाहिलं. शिंपी निवांत काज करत होता.

"ह्याला तिखट म्हणत्यात? लाल पीठ हाय हे."

"चाखून तर बघा!"

त्यांनी चिमूट जिभेवर टाकली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तांब्याभर पाणी संपलं. पण बाई हटल्या नाहीत. "जिभेचं काय घिऊन बसलीस? नाक बोलंना की!"

आठवड्यात गावभर झालं की पंचशीलाबाईंचं मशीन मिरचीतला जीव काढून घेतं. बायका पिशव्या घेऊन माजलगावला जाऊ लागल्या. स्वप्नालीनं दारावर कागद लावला: या मशिनीत मिरची कमी तापते, म्हणून तिखटपणा जास्त टिकतो. तो एकट्या औषधवाल्यानं वाचला, आणि त्याला शिंका बंद झाल्याचाच आनंद होता.

अक्षय्य तृतीयेला नऊ दिवस उरले. बाक रिकामा.

"काकू, मी तर त्यांचा त्रासच काढला," स्वप्नाली रडकुंडीला आली. "तक्रारी त्यांच्याच होत्या."

"तक्रार करायची म्हणून करत्यात, ताई. काढायला कुनी सांगितलं?" पंचशीलाबाई सूप झटकत म्हणाल्या. "हे बघ. घरात डोळ्याला पाणी आलं की सासू इचारती, नवरा इचारतो, कावून रडती म्हणून. हितं कुनी इचारत न्हाई. अर्धा तास बसायचं, मन भरून रडायचं अन् मिरचीच्या नावावर लावायचं. तू ती जागाच बंद केली बघ."

स्वप्नालीनं वही काढली, मिटली, आणि पाना मागितला.

दुसऱ्या दिवशी झाकणाला हातभर रुंद झडप आली. तिचं तोंड बरोब्बर बाकाकडं. बाजूला दांडा: हवा तेवढा ठसका. छबुबाईंना मुद्दाम बोलावणं गेलं. त्यांनी दांडा शेवटपर्यंत ओढला. शिंप्यानं सुई टोचून घेतली, औषधवाल्यानं शटर ओढलं, आणि ड्रायव्हर नऊ वेळा शिंकला. हे नऊ आम्ही स्वतः मोजलेत. छबुबाई बारा सांगतात.

अक्षय्य तृतीयेला आश्रुबा टेम्पो घेऊन आले, तेव्हा बाकावर जागा नव्हती. रांग संपेपर्यंत ते दारात उभे राहिले. दुपारी मशीन थांबलं, बायका गेल्या, तेव्हा कुठं बसले. झाकणावरून हात फिरवला. झडप उघडून पाहिली, लावली.

"धूळ आवरायला पंखा बशिवला, अन् मग धूळ सोडायला भोक पाडलं?"

"हो, आबा."

"कालेजात हेच शिकवत्यात?"

"न्हाई. हे हितं शिकले."

त्यांनी खिशातून वर्कशॉपची किल्ली काढली आणि बाकावर ठेवली. मग उपरण्यानं डोळे पुसत राहिले. "तिखट लई हाय बुवा."

मशीन बंद होऊन अर्धा तास झाला होता. पंचशीलाबाई सूप झटकत राहिल्या. कुणी काही विचारलं नाही.