मधला रविवार

त्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपली की सुखरूप घरी पोचणं सोपं नव्हतं. हॉलच्या दारात एकेक मंडळ टेबल मांडून माणसं पकडायला टपलेलं असायचं. गायनमंडळात तर इतकी टंचाई, की त्यांनी घंटेपाशी राहणाऱ्या पारव्यालाही विचारलं होतं म्हणे. तो बेसूर निघाला म्हणून सुटला. आजाऱ्यांना भेटायला जाणारं मंडळ ठणठणीत माणसालाही "चेहरा उतरलाय हो तुमचा" म्हणत घेरायचं.

या सगळ्यांना चुकवत घड्याळजी थेट फुलांच्या टेबलापाशी गेले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. वेदीवरची फुलं त्यांची बायको मांडायची. ती गेल्यापासून मंडळातली तिची जागा रिकामीच होती.

"तिच्या जागी मला घ्या," ते म्हणाले.

मंडळाच्या प्रमुख बाईंना सगळे कात्री म्हणत. एक कात्री हातात असायची, दुसरी तोंडात.

"तुम्हाला, भावजी? अहो, चर्चमध्ये तुमचा डोळा कधी उघडा पाहिलाय का कुणी? शेवटच्या बाकावर असे घोरता, की ऑर्गनवालीला वाटतं खालचा सूर अडकला. आणि ती जागा मी माझ्या नणंदेला देणार आहे."

"एकदा काम देऊन तर बघा, वहिनी. नाही जमलं तर खुशाल द्या नणंदेला."

त्यांना फुलांचं वेड होतं असं नाही. घरात बायकोचं सगळं जागच्या जागी होतं, फक्त ती नव्हती. कुठे उरली असेल तर त्या वेदीपाशी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तिथे नणंद येऊन उभी राहिली की मग संपलंच.

"बरं बाई," कात्री म्हणाली, "शनिवारी फुलदाण्या घासून ठेवा. बघू."

शनिवारी घड्याळजींनी पितळी फुलदाण्या अशा घासल्या, की त्यात बघून दाढी करावी. पण घासलेली फुलदाणी रिकामी ठेवायची? म्हणजे काटे न बसवताच घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं! ते तडक फुलवाल्याकडे गेले आणि अख्खं दुकानच उचलून आणलं. वेदीवर असा डोंगर रचला, की गावातल्या मधमाश्या बागा सोडून चर्चच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या.

रविवारी लोक आत आले आणि दारातच थबकले. वेदीवर जांभळं कापड आणि त्यावर फुलांची जत्रा!

"भावजी!" कात्री धावतच आली. "अहो, उपवासकाळ चालू आहे!"

"मग?"

"मग काय मग! ईस्टरपर्यंत वेदी उघडीबोडकी असते. या दिवसांत फुलं ठेवत नाहीत. तुमची बायकोच इथे फुलं मांडायची, आणि तुम्हाला एवढं ठाऊक नाही?"

घड्याळजींना आत्ता आठवलं. दरवर्षी याच दिवसांत, एरवी ती फुलं मांडायला जायची त्या शनिवारच्या वेळी, बायको दुपारची त्यांच्या दुकानात यायची. स्टूल ओढून बसायची, गप्पा मारत राहायची. आज ही इकडे कशी, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. डोळ्याला भिंग लावून ते स्क्रूच शोधत बसायचे.

आजाऱ्यांच्या मंडळानं मिस्सेआधीच सगळी फुलं उचलली आणि घरोघरी पोचवायला नेली. मिस्सा झाल्यावर घड्याळजी कात्रीपुढे उभे राहिले.

"घ्या नणंदेला. माझी लायकी नाही. इतकी वर्षं ती तिथे काय करत होती, मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

कात्रीनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. मग ती म्हणाली, "या काळात मधे एक रविवार येतो. त्या दिवशी फादर गुलाबी झगा घालतात आणि तेवढ्यापुरती फुलं चालतात. ती पाळी तुमची बायको कुणाला द्यायची नाही. मलासुद्धा नाही."

"यंदा ती कोण करणार?"

"तुम्ही. पण थोडकीच फुलं हं. आणि पहिल्या बाकावर बसायचं. डोळा लागला तर फुलदाणीतलं पाणी डोक्यावर ओतीन."

"आणि नणंद?"

"तिला गायनात टाकते. पारव्यापेक्षा बरी गाते."

त्या मधल्या रविवारी ऑर्गनवाली सारखी मागे वळून बघत होती. तिचा खालचा सूर कुठे हरवला, तिला कळेना. घड्याळजी पहिल्या बाकावर टक्क जागे होते. वेदीवरचं एक फूल जरा डावीकडे कललं होतं. ते सरळ करायला त्यांचा हात शिवशिवला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला, आणि मिस्सा संपेपर्यंत नुसते बघत राहिले.