प्रमिला म्हणते

माझ्या भावाची दुसरी कॅसेट शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत इतकी वाजली की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान, आणि दोन गाळे सोडून कॅसेटवाला. तो सकाळी शटर वर करायचा आणि अगरबत्ती लावायच्या आधी ती कॅसेट लावायचा. 'पिवळं ऊन' तिचं नाव. गायक महेंद्र आणि मेघा, म्हणजे माझा दादा आणि माझी वहिनी. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं की मी मशीन जोरात मारायचे. तरी ऐकू यायचंच.

मुरबाडचा नवरा दारी थांबला,
प्रमिला म्हणते, उशीर का झाला?

ती प्रमिला मी. आणि मुरबाडचा नवरा दारी थांबला वगैरे काही नव्हता. तो आलाच नव्हता.

हळदीचं गाणं म्हणजे नावांचं गाणं. मांडवात बाया गातात तेव्हा नवरीचं नाव घेतात, आईचं घेतात, मामाचं, आत्याचं घेतात. एखाद्या आत्याचं नाव राहून गेलं तर ती जेवायला बसत नाही. कॅसेटला कुठे माहीत असतं आपण कोणाच्या मांडवात वाजतोय? म्हणून कॅसेटवाले नुसतं 'नवरीबाय, नवरीबाय' करतात आणि गाणं फिकं होतं. दादाला फिकं नको होतं. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं, मुरबाडच्या मुकेशशी. दादाने माझ्याच हळदीचं गाणं केलं, माझं नाव घालून, आणि कल्याणच्या स्टुडिओत जाऊन भरून आणलं. आधी माझ्या हळदीला लावायचं आणि मग कॅसेटमध्ये घालायचं, असं घरात सगळ्यांनी हसत ठरवलं होतं. मीही हसले होते.

हळदीच्या आठवड्यात मुकेशकडचा मध्यस्थ आला. मुलाला नोकरीवाली मुलगी सांगून आली होती, डी.एड. झालेली, शाळेत लागलेली. मध्यस्थाने चहा घेतला, बशी पुसून खाली ठेवली आणि मग सांगितलं. मांडवाचे बांबू मालकाकडे परत गेले. गाणं राहिलं.

दादा-वहिनीचं गाणं जुन्या थाटाचं. २००२ साल होतं, हळदीला जो तो कीबोर्ड आणि पॅड आणत होता, आणि यांनी बाबांची पेटी माळ्यावरून काढली. आमचे बाबा, सोमा रोकडे, त्यांची एके काळी गायन पार्टी होती. तेच बुलबुल तरंग, तीच ढोलकी, दोघांत एकच माइक. दादाने कानाखाली कल्ले वाढवले, उल्हासनगरहून बेलबॉटम आणली. वहिनी दोन वेण्या घालून फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज घालायची. पहिली कॅसेट त्यांनी बाबा गेल्यावर काढली. बाबांची रडकी गाणी, ती म्हाताऱ्यांनी घेतली आणि तिथेच संपली. दुसरी मात्र सगळी हसरी. कव्हरवर दोघं खुरासणीच्या फुललेल्या शेतात बाबांची सायकल धरून उभे, सगळीकडे पिवळंच पिवळं. वहिनीच्या अंगावर माझ्या हळदीसाठी घेतलेली साडी.

"कपाटात पडून काय करनार होती ती?" वहिनी म्हणाली होती.

कॅसेट बाजारात जायच्या आधी मी दादाला बसवून सांगितलं. "माझं नाव काढ."

"रेकॉर्डिंग झालंय गो."

"परत कर. उर्मिला म्हण. सुशीला म्हण. बसतं ना?"

"बसतं. पण तसं येत नाय." तो पेटीवरचा फडका घड्या घालत बसला होता. "तुझं नाव घेताना मेघाचा आवाज कसा हसतो, ऐकलंस ना? तेव्हा घरात लग्न होतं. ते आता परत कुठून आणू?"

"लोक माझ्यावर हसतील तो आवाज ऐकशील मग."

"लोकांना काय ठाऊक कोण प्रमिला? दहा प्रमिला हायेत तालुक्यात."

तो खोटं बोलत नव्हता. गाणं खरंच चांगलं झालं होतं, आणि माझा सगळा संताप तिथेच येऊन अडायचा. वाईट असतं तर आठवड्यात मेलं असतं. पण शहापूरच्या स्टँडवर बस उशिरा सुटली की कंडक्टर म्हणायचा, 'प्रमिला म्हणते, उशीर का झाला?' आणि सगळी बस हसायची. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते हसत नव्हते, खाली बघायचे. मला त्यांचा जास्त राग यायचा. सापगावची एक बाई लेकीचे ब्लाउज शिवायला आली आणि माप देता देता म्हणाली, "तीच का गो तू?" मी तिचं कापड गुंडाळून तिच्या हातात परत दिलं.

दादा-वहिनीच्या मागे कोरसला पूर्वी मीच बसायचे. कॅसेट आल्यापासून मी तोंड उघडलं नाही. ते ओट्यावर तालमीला बसले की मी परसात जाऊन भांडी आपटायचे. एकाच घरात राहून मी वहिनीशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलत होते, आणि दादाशी तेवढंही नाही. आई म्हणायची, किती दिवस चालवनार? मी म्हणायचे, कॅसेट वाजतेय तोवर.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मुकेशची आई आमच्या दारात उभी राहिली. जनाबाई. जरीचा पदर डोक्यावरून, हातात पेढ्यांचा पुडा.

"जयभीम, विहीणबाई," सवयीने तिच्या तोंडातून निघालं.

"मी कोणाची विहीण नाय," आई म्हणाली. पण बस म्हणाली. पाणी दिलं.

जनाबाईला दादाशी काम होतं. मुकेशचं लग्न ठरलं होतं, त्याच मास्तरणीशी. पिंकी तिचं नाव. हळदीला गायला या, असं ती दादाला सांगत होती, आणि मी मधल्या दारात उभी राहून ऐकत होते. तिला मी दिसत होते. तिने आवाज कमी केला नाही.

"हे बघ महेंद्र. तुझी कॅसेट आज प्रत्येक मांडवात वाजते. आमच्याकडं नाय वाजली तर लोक म्हनतील, घाबरले. आणि वाजवली तर सगळा मांडव हिचं नाव घेनार. मी काय करू? तू स्वतः ये आणि पिंकीचं नाव घालून म्हण. तुझ्या तोंडून एकदा बदललं की मग कोणी काय बोलनार नाय."

मला वाटलं दादा पुडा उचलून रस्त्यावर फेकेल. त्याने पुड्याचा दोरा सोडला आणि आईला पेढा दिला.

ती गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी.

"तू जानार?"

"तुलाच नाव काढायचं होतं ना?" तो म्हणाला. "निघतंय आता."

नाव काढ म्हणाले होते मी. त्या जागी तिचं घाल असं म्हणाले नव्हते. हा फरक त्याला कळत नव्हता असं नाही, त्याला कळून घ्यायचा नव्हता. मुरबाडचा एवढा मोठा मांडव, एवढी माणसं, आणि त्याचं गाणं.

"मी पण येणार," मी म्हणाले.

"कशाला?"

"बघायला. कसं म्हनतोस ते."

सरळगाववरून जीपने गेलो. पेटी दादाच्या मांडीवर, ढोलकीवाला मागे, मी आणि वहिनी एकमेकींना लागून. मुरबाडला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मांडव खरंच मोठा होता. तिथल्या माणसांनी मला ओळखण्याचं कारण नव्हतं. साखरपुड्याला मोजकी माणसं आमच्याकडे आली होती, त्यांतले मुकेश आणि जनाबाई सोडले तर मला कोणी ओळखलं नाही. मी कोरसवाली म्हणून स्टेजवर वहिनीच्या मागे बसले. मुकेश खाली पाटावर होता. अंगभर हळद, डोक्याला मुंडावळ्या. त्याने एकदा वर पाहिलं आणि नंतर पाटाच्या कडेकडे पाहत राहिला.

आधी बुद्धवंदना झाली. मग गाणी सुरू झाली आणि बक्षिसं यायला लागली. आमच्याकडे बक्षीस दिलं की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. दादा हे पुकारण्यात पटाईत, नोट घेता घेता सूर सोडत नाही. मांडव तापला. मग मागून पोरं ओरडायला लागली, उशीर का झाला, उशीर का झाला. दादाने जनाबाईकडे पाहिलं. ती मान हलवून हो म्हणाली.

वहिनीने ओळ उचलली. "मुरबाडचा नवरा दारी थांबला..."

"पिंकीबाय म्हणते..." दादा म्हणाला.

तो एकटाच म्हणाला. सगळा मांडव म्हणाला, "प्रमिला म्हणते, उशीर का झाला?"

हशा पिकला. लोकांनी मुद्दाम केलं नव्हतं. वर्षभर प्रत्येक हळदीत, प्रत्येक जीपमध्ये जे ऐकलं तेच तोंडातून आलं. दादाने पुन्हा म्हटलं, पिंकीबाय. पुन्हा मांडव म्हणाला, प्रमिला. आता बायाही हसत होत्या, टाळ्या देत होत्या, आणि करवल्यांचे हात मुकेशच्या खांद्यावर थांबले होते. त्याची मान अजून खाली गेली. जनाबाईचं तोंड काळं ठिक्कर पडलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटातून झाला. सोडलंस मला, आता घे, असं मनात आलं आणि मी ते मनातच मोठ्याने म्हटलं.

मग मी दादाकडे पाहिलं. तो हसत होता. त्याला कसली लाज वाटत नव्हती आणि जनाबाईची भीतीही वाटत नव्हती. एवढ्या माणसांना आपलं गाणं पाठ आहे म्हणून तो हसत होता. तिसऱ्या वेळी त्याने पिंकीचं नाव घेतलंच नाही. वहिनीने ओळ म्हटली, आणि त्याने पेटीवरचा हात उचलून मांडवाकडे पसरला, म्हणा तुम्हीच. आणि मांडवाने माझं नाव म्हटलं.

मी उठले आणि वहिनीच्या पुढ्यातला माइक काढून घेतला. वहिनी "अगो" म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मुरबाडचा नवरा दारी थांबला," मी म्हणाले आणि तिथेच थांबले. लोक तोंड उघडणार तेवढ्यात मी बोट वर केलं. "गप. नीट ऐका. पिंकीबाय."

मांडवात पुन्हा हसू आलं. मी हसले नाही. पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबले, पुन्हा म्हटलं, पिंकीबाय. पुढच्या रांगेतल्या बायांकडे एकेकीकडे बघून म्हटलं. आधी दोघीचौघी म्हणाल्या. मग मागची पोरं. जे चुकले त्यांच्याकडे मी नुसती बघत राहिले, ते वरमले आणि बरोबर म्हणाले. ढोलकीवाल्याने माझा ठेका धरला. दादाची पेटी मागून आली, उशिरा. शेवटच्या कडव्याला सगळा मांडव एका आवाजात पिंकीबाय म्हणत होता, आणि माझं नाव त्या गाण्यात कुठेही नव्हतं. हे मी पिंकीसाठी केलं नाही. तिला मी पाहिलेलंही नाही.

गाणं संपलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत स्टेजपाशी आली. कमरेची चंची सोडून तिने एक चुरगळलेली नोट काढली.

"गोड गळा हाय गो तुझा. मघाच्या दोघांपेक्षा गोड," ती म्हणाली. "नाव काय तुझं? पुकार ते."

तिच्या मागे जनाबाई उभी होती. ती मला डोळ्यांनी सांगत होती, नको. दादा पेटीवरून पुढे झाला आणि माइकसाठी हात केला. "कोरसवाली पोरगी म्हणून पुकारतो, दे इकडं," तो हळूच म्हणाला. मुकेशने पहिल्यांदाच मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर हळद होती.

मी माइक दिला नाही.

"प्रमिला सोमा रोकडे," मी म्हणाले, चाल न लावता. "किन्हवली."

म्हातारीने नोट माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं तशीच धरून ठेवली. मांडवात सगळ्यांना पुढची ओळ पाठ होती. कोणी म्हटली नाही.