बागेतल्या तबकड्या

नवरा भिवाजी वारल्यावर वच्छलाबाई पहिल्यांदाच रामाकोना गावच्या संत्राबागेतल्या खोलीत शिरल्या. आत ग्रामोफोन होता आणि शेजारी विलायती वाद्यवृंदाच्या, पन्नासच्या दशकातल्या तबकड्यांची चळत. त्या दारातच थिजल्या. नवऱ्याला सुरांचा त्रास होतो, म्हणून लग्नानंतर त्यांनी गाणं सोडलं होतं. घरात साधा रेडिओही नव्हता.

"हे कोनाचं आहे रे?" त्यांनी राखणदार गौतमला विचारलं.

"मालकाचंच. रोज दुपारी आयकत. घरी न्या म्हटलं, तं म्हनत, वच्छलाचं डोकं दुखते गान्यानं."

वच्छलाबाई बाजेवर टेकल्या.

"लाव एखादी," त्या म्हणाल्या.

व्हायोलिनं वाजू लागली, तरी त्या गौतमकडेच बघत होत्या.

"असं म्हनत होते ते?"