पुलानंतरची कामं

पाथरवटानं गुडघे टेकले आणि डोणीच्या मागच्या अंगावरून तळहात फिरवला. घडवणाऱ्याची खूण तिथं नव्हती. ती असायला हवी होती तिथं वीतभर दगड नव्यानं तासलेला होता. गुरांना पाणी पाजायची ती जुनी दगडी डोणी काळवंडून गेलेली, आणि तेवढाच तुकडा पांढराफटक.

"मागच्या मंगळवारी होती," संशोधक बाई त्याच्या पाठीमागून म्हणाल्या. "खूण होती आणि खाली सालही होतं. अंधारून आलं होतं म्हणून फोटो उद्यावर टाकला, आणि मग चार दिवस तापानं गेले."

बाईंना काय म्हणायचं होतं हे त्याला वळून न पाहताही कळलं. खूण सापडल्याचं त्यांनी त्याच मंगळवारी त्याच्याच घरी, चहा पिताना सांगितलं होतं. ऐकायला तो, त्याची बायको आणि त्याचे वडील, आबा. चौथ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

गावातल्या पोरासोरांना पाठ असलेली गोष्ट अशी होती: नदीवरचा सात कमानींचा पूल पुरा झाला तेव्हा राजानं तो बांधणाऱ्या पाथरवटाचे दोन्ही हात तोडले. का, तर असा दुसरा पूल कुठं होऊ नये. त्याच पाथरवटाच्या वंशातलं याचं घर. एवढ्या भांडवलावर घराच्या चार पिढ्यांनी मान मिळवला होता, आणि खोटं कशाला बोला, थोडीफार कामंही. शाळेची सहल आली की मास्तर मुलांना दुकानासमोर रांगेत उभं करत, आणि मुलं गोष्ट ऐकता ऐकता याच्या मनगटांकडे टक लावून बघत. येत्या रविवारी पुलाच्या तोंडाशी त्या गोष्टीची शिळा बसायची होती. ती कोरायचं काम याच्याकडेच आलं होतं. शेवटच्या ओळीत घराचंही नाव होतं.

बाईंनी मात्र ही गोष्ट आणखी पाच ठिकाणी ऐकली होती. कुठं पूल, कुठं घुमट, एका गावात तर मनोऱ्यावरचं घड्याळ. कुठं हात तोडलेले, कुठं डोळे काढलेले. गाव बदलतं, राजा बदलतो, गोष्ट तीच, आणि पुरावा कुठंच नाही, असं त्या शांतपणे सांगत. डोणीवरची खूण हुबेहूब पुलाच्या दगडांवरच्या खुणेसारखी होती. साल मात्र पुलानंतरचं, तब्बल एकोणीस वर्षांनंतरचं. हात नसलेल्या माणसानं डोणी कोरली कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पाथरवटाला पहिल्या दिवसापासून बाईंचा संशय होता. दुसऱ्याच्या घरातलं मोडून स्वतःचं नाव करणारी माणसं त्यानं पाहिली होती. आता त्याच्या मनात आलं, मुळात खूण होती तरी का? का बाईंनीच कोणाकडून तरी हे तासून घेतलं, म्हणजे नसलेली खूण दाखवायची पंचाईतच उरत नाही? हा विचार त्याला इतका सोयीचा वाटला की क्षणभर तो खराच वाटला.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तासलंत?"

"मी नाही."

"मग कोणी?"

त्यानं उत्तरासाठी पुन्हा दगडावर बोटं ठेवली. घाव उथळ होते आणि खालून वर गेलेले. तीन घाव एकमेकांना खेटून, मग मोकळी जागा. पुन्हा तीन, पुन्हा जागा. सगळा वीतभर तुकडा तसाच तासलेला होता. त्याची बोटं तिथंच थांबली. दगडाची धूळ छातीत गेलेला माणूस तीन ठोक्यांवर थांबतो, दम घेतो आणि मगच छिन्नी पुन्हा लावतो. हे तीन ठोके तो गेली आठ वर्षं रोज ऐकत होता.

"मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला आणि पँटीवरची माती झटकत उठला. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शिळेचं काम तूर्त थांबवाल का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यानं बघतो म्हणून सांगितलं.

घरी आला तेव्हा बायकोनं त्याचा चेहरा पाहूनच पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आबा मागं दुकानात आहेत, एवढंच म्हणाली. आबा अर्धवट कोरलेल्या शिळेसमोर स्टुलावर बसले होते. अक्षरांच्या कडा बोटानं चाचपत होते. त्यानं काही विचारायच्या आधीच त्यांनी हात मांडीवर घेतले.

"दिसली?" आबा म्हणाले.

"तुमचे घाव दिसले."

आबांनी मान हलवली. चोरी पकडली गेली याची लाज त्यांच्या तोंडावर दिसेना. उलट ओझं उतरल्यासारखे ते जरा सैल होऊन बसले. ती खूण त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती, लग्नाच्या वर्षी. वडिलांना त्यांच्या वडिलांनी. म्हणजे बाई ज्यासाठी उन्हातान्हात वणवण करत होत्या ते या घराला आधीपासून ठाऊक होतं. फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला का नाही दाखवलीत?"

"काय दाखवू? हात तोडले म्हटलं की पुढं काही विचारायचं राहत नाही. हात शाबूत होते म्हटलं, की लोक म्हणणार, मग केलं काय त्यानं?" आबा दम घ्यायला थांबले. "डोण्या केल्या. उंबरठे, पायऱ्या. एवढा पूल उभा करणारा माणूस, वीस वर्षं गुरांची भांडी घडवत बसला. हे पोरांना सांगायचं?"

त्यानं आबांच्या हातांकडे पाहिलं. पन्नास वर्षं या हातांनी पायऱ्या आणि ओट्याचे दगड घडवले होते. पूल त्यांच्याकडे कोणी मागितलाच नाही. त्याच्याकडेही कोणी मागणार नव्हतं. घरी येताना वाटेत जुळवून ठेवलेले रागाचे शब्द त्याला आता आठवेनात.

"अशा किती डोण्या होत्या?" त्यानं विचारलं.

"माहीत असलेल्या तीन. एक रस्ता रुंद करताना फुटली. ही दुसरी."

"आणि तिसरी?"

आबांनी शिळेवरची धूळ तळहातानं पुसली. बाहेर कोणीतरी सायकलला स्टँड लावला आणि निघून गेलं.

"टेकडीच्या मागं. झुडपं वाढलीत तिथं."

"तीही तासलीत?"

"गेलो होतो परवा. छिन्नीही लावली." आबांनी अंगठा हवेत हळूच वाकवून एक गोलाई दाखवली. "तिचा काठ बघ एकदा. गुरांच्या गळ्याला टोचू नये म्हणून आतून गोल घेतलाय, चारी अंगांनी सारखा, कुठं पाणी थांबत नाही. पुलात सुद्धा असं काम नाही रे कुठं. माझ्यानं नाही झालं."

मग त्यानं खिशातून फोन काढला, बाईंचा नंबर शोधला आणि आबांकडे पाहिलं.

"सकाळी बोलाव," आबा म्हणाले. "मी येतो बरोबर. तुम्हा दोघांना सापडायची नाही ती."

"आणि ही शिळा?"

आबांनी शिळेला खालून वर न्याहाळलं, कडेवर बोटानं टकटक करून आवाज ऐकला.

"दगड चांगला आहे," ते म्हणाले. "पालथा घातला तर झकास पायरी होईल."