रिकाम्या खोलीची ऊब

मुख्याध्यापिका बाई गणिताच्या तासांबद्दल बोलत होत्या आणि जमलेले चाळीसेक आईबाप ते कागदावर भराभर टिपून घेत होते. कार्लाइल गिटन्स मात्र खिडकीखालच्या, वाफेने खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवून उभा होता. आधी एका टोकाला हात लावला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे सारखं गरम. कुठे ठणठण नाही, वाफेची फुसफुस नाही. कार्लाइलला वाईट वाटलं.

वाईट वाटायचं कारण साधं होतं. तो इथे खोट काढायला आला होता. न्यूयॉर्कमध्ये पाचवीच्या पोराचे आईबाप दर हिवाळ्याच्या तोंडावर असे शाळाशाळांतून हिंडतात, सहावीला कुठे घालायचं म्हणून. सगळ्या सरकारीच शाळा, फी कुठेच नाही, पण वधूपरीक्षेला लाजवतील इतके प्रश्न विचारतात. कार्लाइलला एकच प्रश्न होता आणि तो काही चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता. रेनेल कुणाजवळ राहणार?

रेनेल त्याची मुलगी, दहा वर्षांची. तिची आई शार्लीन तीन वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि शहरातल्या क्वीन्स भागाच्या पार टोकाला, खाडीजवळ राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघांचं बोलणं आटत गेलं, एवढंच. रेनेल आठवडाभर बापाकडे आणि शनिवार-रविवार आईकडे, असं ठरलं, कारण तिची शाळा फ्लॅटबुशमध्ये बापाच्या घराजवळ होती. नुसती घराजवळ नव्हती, त्याच शाळेच्या तळघरात कार्लाइल एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. पहाटे पाचला येऊन तो वाफ धरायचा, आठला पोरं वर्गात शिरेपर्यंत सगळी इमारत उबदार झालेली असायची. बालवर्गापासून सहा हिवाळे त्याची पोर त्याच्या डोक्यावर कुठेतरी बसून शिकत होती आणि तो खालून तिला ऊब पुरवत होता. शाळा सुटली की ती लोखंडी जिन्याने खाली यायची. तिची एक ठरलेली खुर्ची होती आणि एक ठरलेलं काम. दाबाचा काटा बघायचा आणि मोठ्याने सांगायचा.

आता दोनच शाळा डोळ्यांसमोर होत्या. एक घरापासून चार गल्ल्यांवरची, बरी म्हणण्यासारखी. दुसरी ही, खाडीकाठची. हिच्यात सगळ्या शहरातली पोरं घेत. शार्लीनच्या घरून दहा मिनिटं, कार्लाइलच्या घरून दोन बस आणि एक भुयारी रेल्वे, दीड तास. म्हणजे इथे नाव लागलं तर सगळं उलटं होणार. आठवडा आईकडे आणि बाप शनिवार-रविवारचा.

सोबत आणलेल्या रेनेलला घेऊन मंडळी ग्रंथालयाकडे वळली तसा कार्लाइल मागे रेंगाळला आणि तळघराचं दार शोधून खाली उतरला. शाळेची खरी परीक्षा तळघरात होते, असं त्याचं ठाम मत होतं. खाली एक म्हातारा फरशी पुसत होता. फरशी मुळात चकचकीत होती.

"वाट चुकलात, साहेब," म्हातारा म्हणाला. "पालकांना वर लाडीगोडी चाललीये."

"मीही बॉयलरवालाच. फ्लॅटबुशला."

"हां, मग बसा की." बोलण्याच्या वळणावरून त्याने लगेच ओळखलं. "बार्बाडोसचे ना? तरीच चेहरा असा इस्त्री केलेला. मी रामसमूज. शेजारच्या बेटावरचा, त्रिनिदादचा."

"तरीच तोंड बंद होत नाही."

रामसमूज खळखळून हसला. कार्लाइलने बॉयलरभोवती एक फेरी मारली. पाण्याच्या पातळीची काचेची नळी स्वच्छ, झडपांना ग्रीस, भिंतीवर दिवसाचे आकडे वेळच्या वेळी लिहिलेले. जणू आपल्याच तळघरात यावं तसं. याहून मोठी पंचाईत नव्हती.

"किती वाजता येता सकाळी?"

"पावणेपाच. पोरांनी कोट घालून बसलेलं मला चालत नाही. तुमची कोण आहे?"

"मुलगी. अजून काही ठरलं नाही."

"येऊ दे हो. थंडी नाही वाजू देणार मी तिला."

म्हातारा चांगुलपणाने बोलला होता, पण कार्लाइलच्या छातीत ते कुठेतरी रुतलं.

वर आला तर रेनेल ग्रंथालयात नव्हती. ती सुतारकामाच्या खोलीत सापडली. मध्ये घोडीवर एक होडी होती, खरीखुरी, दोन वल्ह्यांची, अर्ध्या बरगड्या उघड्या असलेली. सहावीची पोरं वर्षभर ती बांधत आणि जूनमध्ये खाडीत सोडत. शिकवणाऱ्या बाईंनी रेनेलच्या हातात रंधा दिला होता. फळीवरून एक लांब पातळ ढलपी निघाली, ती तिने उचलली, वास घेतला आणि हळूच कोटाच्या खिशात टाकली. बाप दारात उभा आहे हे तिला कळलंही नाही.

परतीचा दीड तास ती खिशात हात घालून खिडकीशी बसली. फ्लॅटबुशला उतरल्यावर म्हणाली, "जवळचीच बरी, डॅडी. ही किती लांब आहे."

"होडी आवडली नाही का?"

"ठीक होती."

खिशातला हात तिने बाहेर काढला नाही. पोरीला खोटं बोलता येत नाही, हे कार्लाइलला ठाऊक होतं. खोटं बोलताना ती फार लवकर उत्तर द्यायची.

रात्रपाळीला निघण्याआधी शार्लीनने फोन केला. ती डायलिसिसची नर्स होती, कायम घाईत. "तूच भर तो फॉर्म, कार्लाइल. तुझ्या फोनवर आहे. मी काही म्हटलं तर तू म्हणशील, हिला पोर हवीये."

"हवी नाहीये का?"

"हवीये की. म्हणून तर गप्प बसलेय." मग म्हणाली, "सोडतीचा नंबर कसा आलाय?"

"शून्याने सुरू होतो. त्यात काही राम नाही."

"मग आपण उगाच जीव जाळतोय," शार्लीन म्हणाली. तिनेही विश्वास ठेवला, कारण आकड्यांच्या बाबतीत कार्लाइल कधी चुकत नसे.

हा नंबर म्हणजे शहराने प्रत्येक पोराला सोडतीत दिलेलं, आकडे आणि अक्षरं मिसळलेलं एक लांबलचक शेपूट. आईबापांनी शाळांची यादी पसंतीच्या क्रमाने भरायची आणि संगणकाने या नंबरांच्या रांगेने पोरांना जागा वाटायच्या. रेनेलचा सुरू होत होता शून्य आणि सातने. एकोणीस वर्षं काट्याकडे बघण्यात गेलेल्या माणसाला शून्याचा अर्थ एकच माहीत होता. आग विझलेली, वाफ नाही, वरती पोरं कुडकुडतायत. दुसऱ्या कुणाला विचारायला त्याला कुणी होतंच कुठे? इतर आईबाप घोळक्याने बोलत उभे असत, तेव्हा हा रेडिएटर चाचपत असे.

आणि नंबर फुकट गेलाय म्हटल्यावर त्याचं मन एकदम मोठं झालं. त्याने खाडीकाठची शाळा पहिली टाकली, घराजवळची दुसरी. रेनेलला बोलावून यादी दाखवली. तिने त्याच्या दंडाला गाल घासला. त्या रविवारी त्याने मॅकरोनी पाय, हा बार्बाडोसचा भट्टीत भाजायचा पदार्थ, जास्त चीज घालून केला आणि बसने पोरीला आणायला जाताना स्वतःशी शीळ घातली. काही न गमावता मिळालेलं पुण्य होतं ते, आणि त्याला ते फार गोड लागलं.

शुक्रवारी, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, दुपारी मिसेस ओकाम्पो खाली आल्या. शाळेत पालकांची कामं बघणाऱ्या बाई. तळघराच्या वाटेला त्या सहसा जात नसत, पण त्यांच्या खोलीतला रेडिएटर सकाळपासून ठणठणत होता.

"वरची झडप अर्धवट फिरवली असणार तुम्ही," कार्लाइल म्हणाला. "ती एक तर पूर्ण उघडी हवी, नाहीतर पूर्ण बंद. आणि तुम्ही खोलीत नसाल तेव्हा बंद करत जा. रिकाम्या खोल्या तापवायला मी काय सरकारचा जावई आहे का?"

हे तो सगळ्यांना ऐकवत असे. बाईंनी सवयीने मान डोलावली. "रेनेलचा फॉर्म भरलात ना, मिस्टर गिटन्स? नंबर काय आहे?"

त्याने फोन दाखवला. बाईंनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"अहो, शून्य सात? माझ्या सहा वर्षांत या शाळेत असा नंबर आला नव्हता. रांगेत अगदी पुढे आहे तुमची पोर. पहिली टाकाल ती शाळा मिळालीच म्हणून समजा."

"शून्य चांगला असतो?"

"शून्यापासूनच तर मोजायला सुरुवात होते."

बाई गेल्या. कार्लाइल खुर्चीत बसला, रेनेलच्या खुर्चीत. फोन उघडाच होता. यादीत प्रत्येक नावाशेजारी दोन बाण होते, वर जायचा आणि खाली जायचा. अंगठ्याची एक टिचकी, की घराजवळची वर आणि खाडीकाठची खाली. वसंतात निकाल लागेल तेव्हा सगळे म्हणतील, नशीब. रेनेल म्हणेल, असू दे डॅडी. शार्लीनलाही शून्याचंच सांगितलं होतं. कुण्णाला कळलं नसतं. त्याने अंगठा बाणावर नेला. त्याला पोर हवी होती. जवळ, डोळ्यांसमोर, रोज अडीच वाजता जिन्यावर वाजणारे तिचे बूट हवे होते. यात लाजण्यासारखं काय होतं?

तेवढ्यात ते वाजलेच. रेनेल खाली आली, दप्तर टाकलं, खुर्ची अडवलेली बघून उभ्यानेच काट्याकडे गेली.

"काटा दोनवर, डॅडी."

"दोनवर," तो म्हणाला.

नारळाच्या पावाचा तुकडा तोडत ती म्हणाली, "आपला नंबर एकदम वाईट आहे ना रे? मी होडीचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. केला की झोप येत नाही."

कार्लाइलने फोन गुडघ्यावर उलटा ठेवला. बॉयलर संथपणे घुमत होता.

"नंबर चांगला आहे," तो म्हणाला. "फार चांगला. मला वाचता आला नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे होडीचा विचार केलास तरी चालेल."

तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. क्षणभरच. मग तिला काहीतरी आठवलं, तिने तो आनंद पटकन आत ओढून घेतला, वहीत डोकं घातलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मग इथला काटा कोण बघणार?"

"मला डोळे नाहीत का?"

"चष्मा लावत नाहीस तू."

"लावीन," तो म्हणाला.

मे महिन्यात पत्र आलं, अपेक्षेप्रमाणेच. शार्लीन फोनवर रडली आणि "थँक्स" म्हणाली. तीन वर्षांत तिने त्याला तो शब्द पहिल्यांदाच म्हटला असावा. सप्टेंबरात रेनेल गेली. शुक्रवारी संध्याकाळी यायची, हातांना लाकडाचा वास घेऊन, आणि रामसमूजच्या गोष्टी सांगायची. तो म्हातारा रोज जिन्यात गाठून विचारत असे, थंडी नाही ना वाजत? कार्लाइल ऐकून घेई आणि मान हलवी. त्याला बरंही वाटे आणि जळफळाटही होई. दोन्ही खरं होतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी तो कामावरून घरी आला, तर इमारतीत पहिल्यांदा वाफ सोडलेली होती. नळ आतून टकटक करत जागे होत होते. त्याने कोट काढला आणि सवयीप्रमाणे रेनेलच्या खोलीतली झडप बंद करायला गेला. खोली नीटनेटकी होती. चादर सुरकुती न पडता अंथरलेली, खिडकीच्या कट्ट्यावर ती लाकडाची ढलपी, आता वाळून पिवळी पडलेली. शुक्रवारपर्यंत इथे कोणी येणार नव्हतं.

त्याने झडपेवर हात ठेवला. मग बंद करायच्या ऐवजी त्याने ती उलट फिरवली, शेवटपर्यंत, पूर्ण उघडी. पलंगाच्या कडेला बसून राहिला. हळूहळू लोखंड तापलं, तेव्हा त्याने उठून आधी एका टोकाला तळहात लावला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे सारखं गरम होतं.